तीन झाकणांची बॅटरी

"मेले," तज्ज्ञ म्हणाले. "पाचही दिवे मेले. वायरी कुजल्यात, बल्ब गेलेत. आता यात राम नाही."

असं म्हणून त्यांनी हातातले पांढरे हातमोजे झटकले. हातमोज्यांना झटकण्यासारखं काही लागलेलंच नव्हतं. गेल्या आठ दिवसांत ते कधीच लागलं नव्हतं.

गॅरेजच्या दारात तीन मुलं उभी होती. पुढे ठिणगी. वय वर्षं तेरा. घरातले दोन पंखे आणि एक मिक्सर तिने आजवर उघडून परत जोडला होता, आणि मिक्सर तर चालूही झाला होता. तिच्या मागे तिचा दहा वर्षांचा भाऊ, शंकासुर. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच वापरात होतं. बाजूला चुलतभाऊ मोजपट्टी, उंच, बारीक आणि खिशात कायम वही बाळगणारा. तिघंही सुट्टीसाठी आत्याकडे आली होती.

आत्या गुरांची डॉक्टर. चाळीस वर्षं ती गोठ्यागोठ्यांतून हिंडली, ती याच काळ्या मोटारीतून. तिने घेतली तेव्हाच गाडी म्हातारी होती. आता आत्याचे गुडघे क्लच दाबायला नकार देत होते, म्हणून गाडी संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं. पण संग्रहालयाने एक अट घातली होती : दिवे मूळचे हवेत आणि चालू हवेत. नाहीतर गाडी हॉटेलवाल्याकडे जाणार होती. तो ती दारात उभी करून बॉनेटमध्ये कुंड्या ठेवणार होता. म्हणून आत्याने जुन्या गाड्यांचे हे तज्ज्ञ नेमले होते.

"पण परवा संध्याकाळी आम्ही दिवे लावून भिंतीवर सावल्या पाडल्या होत्या," शंकासुर म्हणाला. "पाचही लागत होते. पाचही एकाच सकाळी कसे मेले? साथ आली का?"

"बाळा, वय झालं की असंच होतं," तज्ज्ञ त्याच्याकडे न बघता म्हणाले. "डॉक्टरबाई, काळजी सोडा. मी नवीन एलईडीचे दिवे बसवतो. बाहेरून कुणाला ओळखू येणार नाही. संग्रहालयवाल्यांना काय कळतंय."

गाईच्या पोटावर हात ठेवून आतल्या वासराची तब्येत सांगणारी आत्या या माणसापुढे मान डोलवत होती, हे ठिणगीला बघवेना. ती तिथून निघालीच.

"तुला एवढा राग कशाचा आलाय?" मोजपट्टीने विचारलं.

"आठ दिवसांत या माणसाने बॉनेट तीनदा उघडलं. तिन्ही वेळा फोटो काढायला."

"चारदा," मोजपट्टी वहीत बघून म्हणाला. "चौथ्यांदा नवी बॅटरी बसवायला. काल सकाळी."

तिघंही थांबली.

तज्ज्ञ जेवायला गेल्यावर मुलं गॅरेजमध्ये शिरली. शंकासुर गाडीखाली सरपटत गेला आणि तज्ज्ञांनी काढून टाकलेला एक बल्ब घेऊन बाहेर आला. बल्बची काच आतून काळी पडली होती. ठिणगीने पितळी बूड बाहीने घासलं. त्यावर बारीक अक्षरात कोरलं होतं : सहा व्होल्ट.

"आणि ही बघ," मोजपट्टी नव्या बॅटरीपाशी उभा होता. तिच्यावर तळहाताएवढा आकडा छापलेला होता : बारा.

जुनी बॅटरी गॅरेजमागे गवतात फेकलेली सापडली. तिच्या डोक्यावर तीन झाकणं होती. नव्या बॅटरीवर सहा.

"तज्ज्ञांना तीन आणि सहा यांतला फरक कळत नसेल?" शंकासुरने विचारलं.

"मोजायला लागलं असतं ना," ठिणगी म्हणाली. "हातमोजे मळले असते."

तरी खात्री हवी होती. जुनी बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून तिघं बाजारातल्या बॅटरीवाल्या मावशींकडे गेली. मावशींचं दुकान म्हणजे एक टेबल, एक चार्जर आणि छतापर्यंत डबे. मावशी साठीच्या होत्या. बोलताना त्यांचे हात कधी थांबत नसत.

"झाकण म्हणजे एक कप्पा. कप्प्याला दोन व्होल्ट," त्या म्हणाल्या. "तीन कप्पे, सहा व्होल्ट. सहा कप्पे, बारा. तुमची गाडी सहाची. हे बघा."

त्यांनी डब्यातून तसलाच एक बल्ब काढून सहाच्या बॅटरीला लावला. पिवळा, शांत उजेड पडला. मग तोच बाराच्या बॅटरीला लावला. बल्ब क्षणभर डोळे दिपतील असा पांढरा पेटला, आतून टिक असा आवाज आला आणि काच काळी पडली.

"मेला," शंकासुर म्हणाला.

"मारला," मावशी म्हणाल्या. "मरणं वेगळं, मारणं वेगळं. कोण आहे तुमचा तज्ज्ञ? मोजायला विसरला की शिकलाच नाही? आणि नवी वायरही आणली असेल त्याने. कसली?"

मोजपट्टीने वहीच्या कडेला चिकटवलेला वायरीचा तुकडा दाखवला. मावशींनी तो दोन बोटांत धरून नाक मुरडलं.

"सुतळी आहे ही. तेवढाच उजेड पाडायला सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो. म्हणून वायर जाड लागते. यावर मोठे दिवे लावले तर वायर तापेल. जुनी कुजली असेल तिथे मी बदलून देते, पण तशीच कापडी वेष्टणाची आणि तेवढीच जाड. दिवे घेऊन या. बल्ब माझ्याकडे आहेत."

दिवे आणायला मुलं घरी आली, तर गाडीच्या तोंडावर दिव्यांच्या दोन रिकाम्या लोखंडी पट्ट्या होत्या. बाजूचे दोन दिवे नव्हते. मागचाही नव्हता. तज्ज्ञ पंप घेऊन, जिथे दिवे होते त्या पट्ट्यांवर चकचकीत काळा रंग फवारत होते.

"दिवे कुठे आहेत?" ठिणगीने विचारलं.

"दिले भंगारात," तज्ज्ञ म्हणाले. "अडगळ कशाला ठेवायची? सरका, रंग ओला आहे."

भंगारवाल्याचं आवार गावाबाहेर होतं. मुलांनी सायकली इतक्या जोरात हाणल्या की शंकासुरला वाटेत एकही शंका विचारता आली नाही. आवारात पितळेच्या ढिगाजवळ एक दणकट माणूस हातोडा घेऊन बसला होता. त्याच्या पुढ्यात एक मोठा गोल दिवा होता.

"थांबा," ठिणगी ओरडली. "तो आमचा आहे."

"पितळेवर नाव नसतं, पोरी."

"नाव नाही, लाथ आहे," ठिणगी म्हणाली. "डाव्या बाजूला पोचा आहे बघा. आत्या वासराला इंजेक्शन देत होती, तेव्हा त्याने मारलेली. खुराएवढाच आहे."

भंगारवाल्याने दिवा फिरवला. पोचा होता. त्याने हातोडा खाली ठेवला.

"हा डॉक्टरबाईंच्या गाडीचा? माझी कुत्री अडली होती, तेव्हा त्या पावसात आल्या होत्या. याच दिव्यांच्या उजेडात पाच पिल्लं झाली." त्याने पोच्यावरून अंगठा फिरवला. "मग त्यांनीच भंगारात कसे दिले हे?"

"त्यांनी नाही दिले," मोजपट्टी म्हणाला. "त्यांच्या तज्ज्ञांनी दिले. त्यांना विचारलंही नाही."

"हातमोजेवाला तो? इथे आला तेव्हा नाकाला रुमाल लावून उभा होता," भंगारवाला म्हणाला आणि त्याने पाचही दिवे पोत्यात भरून दिले. त्याला बदल्यात काही नको होतं. फक्त डॉक्टरबाईंना सांगा, म्हणाला, की पिल्लांतलं एक अजून आहे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तज्ज्ञ स्वतःची माहितीपत्रकं छापून घ्यायला शहरात गेले होते. मावशी पिशवी घेऊन आल्या आणि मुलांसह गाडीखाली शिरल्या. चार वायरी कुजल्या होत्या. बाकीच्या ठणठणीत होत्या. दुपारी आत्या गॅरेजमध्ये आली. तिला गाडीखालून बाहेर आलेले आठ पाय दिसले.

ठिणगीने सगळं सांगितलं. काळा बल्ब आत्याच्या हातावर ठेवला. आत्याने चष्मा चढवून बुडावरचा आकडा वाचला आणि ती स्टुलावर बसली.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "माणूस ठामपणे बोलला की आपण बावळटासारखं ऐकतो. दवाखान्यात कुणी असं बोललं असतं, तर मी त्याला बाहेर घालवलं असतं." मग तिने बाह्या सरसावल्या. "पाना द्या इकडे. उद्या संग्रहालयाच्या बाई येतायत, त्यांच्यासमोरच बघू."

बॅटरी रात्रभर चार्ज व्हायची होती, म्हणून दिवे लावून बघता आले नाहीत.

शनिवारी सकाळी संग्रहालयाच्या अधिकारी बाई आल्या. मागोमाग तज्ज्ञ आले, एलईडीची खोकी आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन. गाडीवर जुने दिवे बघून त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"ही शोभेची मांडणी आहे," ते बाईंना म्हणाले. "मूळ यंत्रणा मृत आहे. मुलांनी हौस केलीय."

शंकासुरने शटर खाली ओढलं. गॅरेजमध्ये अंधार झाला. मावशींनी चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि आत्याने बटण फिरवलं.

काहीच झालं नाही. एकही दिवा लागला नाही.

"म्हटलं नव्हतं?" अंधारात तज्ज्ञांचा आवाज मऊ झाला. "पोरखेळ. डॉक्टरबाई, वेळ वाया गेला."

ठिणगीचे कान तापले. पण डोकं चालू होतं. बल्ब चांगले, वायर चांगली, बॅटरी चांगली. वीज दिव्यापर्यंत जात होती. मग ती परत कुठून येणार? गाडीच्या पत्र्यातून. दिवा पट्टीला चिकटलेला असतो, पट्टी पत्र्याला...

"मोजपट्टी, टॉर्च," ती म्हणाली. "मावशी, कानस द्या."

तिने मोठा दिवा सैल केला. खालची पट्टी चकचकीत काळी होती. रंगाचा थर नखाएवढा जाड होता, आणि रंगातून वीज जात नाही. ठिणगीने कानशीने तो खरवडायला सुरुवात केली. तज्ज्ञ कळवळले. हा खास परदेशी रंग आहे, म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही. धातू दिसू लागला तसा ठिणगीने दिवा परत घट्ट केला.

आणि तो लागला. पिवळा, शांत, समोरच्या भिंतीवर गोल. मुलांनी एकेक पट्टी खरवडली आणि एकेक दिवा लागत गेला. शेवटी मागचा छोटा लाल दिवा लागला, तेव्हा अधिकारी बाई गाडीच्या मागे वाकून तो बराच वेळ बघत होत्या.

"एलईडी दिसले असते, तर मी चहा घेऊन परत गेले असते," त्या म्हणाल्या. "असे चालू दिवे मी पाच वर्षांत बघितले नाहीत."

तज्ज्ञांनी घसा खाकरला. "मूळ दिवे जपायचे, हे माझं पहिल्यापासूनचं धोरण..."

"हो का?" आत्या म्हणाली. तिने बटण बंद केलं नाही, त्यामुळे तज्ज्ञ भर उजेडात उभे होते. "माझे रुग्ण मुके होते. कुठे दुखतंय ते त्यांना सांगता येत नसे, म्हणून मी चाळीस वर्षं आधी नीट बघत आले. तुमच्या बल्बवर तर दुखणं लिहिलेलं होतं. तेही तुम्ही वाचलं नाही. खोकी घ्या आणि या."

अधिकारी बाईंनी नोंदीचा कागद काढला. दिवे मूळचे, चालू स्थितीत, असं लिहून त्यांनी विचारलं, "जतन कुणी केलं?"

आत्याने मावशींचं नाव सांगितलं आणि मग तिन्ही मुलांची, पूर्ण, आडनावांसकट. शंकासुरचं खरं नाव ऐकून मावशींनी त्याच्याकडे वळून बघितलं.

"इतकी वर्षं मी जनावरं बरी केली," आत्या मुलांना म्हणाली. "गाडी तुम्ही वाचवलीत. मला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

तज्ज्ञ खोकी उचलून शटरपाशी रेंगाळले होते. "माझं नाव कुठे आलंय?" त्यांनी विचारलं.

"रंगाच्या रकान्यात घालता येईल," अधिकारी बाई म्हणाल्या.

शंकासुरने मान वर केली. "पण जिथे रंग खरवडावा लागला, तिथलंसुद्धा लिहायचं का?"

बाईंनी थोडा विचार केला. "लिहू या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेन ठिणगीच्या हातात दिलं.