पडद्याआडचे मास्तर

एकवीरा देवीच्या यात्रेत सुगंधाच्या हातातली जिलबी तोंडापर्यंत पोहोचलीच नाही. शेजारच्या मिठाईच्या पालावरून एक आवाज आला... आणि ती जागच्या जागी थबकली.

तोच आवाज! खालच्या पट्टीतला, शब्द संपता संपता किंचित रेंगाळणारा. काल परीक्षेत तिने तो तासभर ऐकला होता आणि, खरं सांगायचं तर, रात्री झोपेतही ऐकला होता. फक्त त्याला तोंड कसलं आहे, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

कसं असणार? देवपुरातल्या शाळेत सातवीची फायनल परीक्षा चालली होती. मुलगे आणि मुली एकाच दालनात, पण मधोमध दोरीवर जाजम टांगलेलं. का, तर मुलींची अब्रू जपायची! मूठभर मुली, आणि त्यांच्या अब्रूला गेल्या लग्नसराईतले वरणाचे डाग पडलेलं जाजम. मास्तर पलीकडे मुलग्यांसमोर उभे राहून शुद्धलेखन घालायचे. मुलींनी जाजमाकडे बघत लिहायचं.

सुगंधाने मान वळवली. पालापुढे एक तरणाबांड मास्तर उभा होता आणि छगन हलवायाला पाटीवर काय लिहायचं ते सांगत होता.

"लिही. शुद्ध तूप."

'तू' म्हणताना त्याच्या दोन्ही भुवया टोपीला जाऊन टेकल्या.

"पुरी."

'पु'ला भुवया जागेवर. 'री'ला पुन्हा वर!

सुगंधाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल पेपर सुटल्यावर मुलग्यांतला बन्सीलाल आपल्या दोस्तांना सांगत होता, 'सोपं होतं रे, मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहायचं.' पिक म्हणजे कोकीळ आणि पीक म्हणजे शेतातलं. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे चरख्यावरचं. कानाला सगळं एकच, फरक तेवढा कागदावर. पहिली वेलांटी की दुसरी, यावर ती जाजमाआड घाम गाळत होती, आणि पलीकडे या भल्या माणसाच्या भुवया सगळं फुकट वाटत होत्या!

ती तरातरा पुढे गेली.

"मास्तर, लाज वाटत नाही?"

तो दचकला. "मला? कशाची?"

"तुमच्या भुवयांची!"

"माझ्या...?" त्याने खरोखरच हात लावून पाहिलं. "का, वाकड्या आहेत?"

"दीर्घ अक्षर आलं की वर जातात! मुलग्यांनी बघून लिहिलं. आम्हाला काय दिसलं? वरणाचे डाग!"

छगन हलवाई खो खो हसला. मास्तर मात्र कानापर्यंत लाल झाला.

"देवीशपथ... मला माहीतच नव्हतं," तो पुटपुटला. मग जरासा धीर येऊन म्हणाला, "आता काय करू? भादरून टाकू?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला!" सुगंधाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. "यंदा मास्तरकीच्या जागा मोजक्या आहेत. ज्याचे गुण जास्त त्याला जागा, मग तो मुलगा असो की मुलगी. मला मिळाली तर मी शिकवणार. नाही मिळाली, तर आखाजीचा सण झाला की आबा मला शिंदखेड्याच्या बिजवराच्या गळ्यात बांधणार. त्याची थोरली मुलगी माझ्याएवढी आहे!"

त्याच्या ओठांवरचं हसू मावळलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि आपण फार वेळ बघतोय हे लक्षात येऊन नजर खाली घातली.

मागून भिकुबाई आत्या धापा टाकत आली. "अय पोरी, इतली काय तापनी शेस? बठ्ठी यात्रा आयकी ऱ्हायनी!"

"ऐकू दे की!" सुगंधा म्हणाली.

"मी चुडामण. रावेरकडचा," तो हळूच म्हणाला. "उद्या सकाळी मुख्य परीक्षकांना सांगतो."

"तुमची नोकरी...?"

"हंगामी आहे," तो म्हणाला. "जाईल."

दुसऱ्या दिवशी दालनात हलकल्लोळ उडाला. शुद्धलेखन पुन्हा! बन्सीलालने कपाळाला हात लावला. मुख्य परीक्षक धनसिंग नाना रागाने नुसते फुरफुरत होते.

"आणि म्हणे जाजम काढा! मास्तर, जाजम निघायचं नाही. वरचा हुकूम आहे."

"राहू द्या, नाना," चुडामण शांतपणे म्हणाला. "मी आत बसतो. मुलींना बाहेर घ्या."

नानांनी हुकमाचा कागद उलटापालटा करून पाहिला. हुकूम जाजमाचा होता. आत कोणी बसायचं, ते कुठे लिहिलं होतं? मुली पदर सावरत बाहेर आल्या आणि मुलग्यांच्या ओळीला ओळ लावून बसल्या. अब्रूला कुठे ओरखडाही गेला नाही!

जाजमाआडून आवाज आला. "लिहा... शेतात पीक डोलत होते. आंब्यावर पिक गात होता."

आता कुणालाच काही दिसत नव्हतं. सुगंधाने मान खाली घालून भराभर लिहिलं. पलीकडे त्या भुवया एकट्याच वरखाली होत असतील, या विचाराने मात्र तिला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

आखाजीच्या आदल्या दिवशी निकाल लागला. सुगंधाला धुळ्यात जागा मिळाली. आणि चुडामणची गेली! हे कळल्यावर ती दिवसभर चरफडत होती. खरं बोलणाऱ्याला घरी बसवतात, कसला हा न्याय? तिच्या सोनगीर गावातल्या सगळ्या पोरी लिंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या, आणि ही चुलीपुढे लाकडं आपटत होती.

तेवढ्यात ओसरीवर तोच आवाज आला.

तिच्या हातातलं लाकूड सुटलं. मधल्या दाराला पडदा होता. ती त्याच्यामागे येऊन उभी राहिली. बाहेर चुडामण रुपचंद आबांसमोर केळीचा लोंगर ठेवून बसला होता. शेजारी त्याचे वडील. आत्याने मध्यस्थी केलेली दिसत होती.

"आमनी ना नही," आबा म्हणाले. "पन पोर नोकरी करी म्हनस..."

"करू द्या. मी धुळ्यातच काहीतरी बघेन, नाहीतर केळी विकीन," चुडामण म्हणाला. "पण मला त्यांनाच विचारायचंय."

"विचारा की. पडदाआडथून."

झालं! सुगंधाचं डोकं पुन्हा भडकलं. तिने पडदा असा ओढला की दोरीसकट खाली आला.

"एकदा मला आड बसवलं, एकदा तुम्ही बसलात," ती म्हणाली. "आता कुणी बसायचं नाही. विचारा!"

चुडामणने तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना... भुवया मात्र सावकाश वर चढू लागल्या.

"हो," सुगंधा म्हणाली, आणि पडदा गोळा करून चुलीकडे घेऊन गेली.