डावीकडे ओढणारी गाडी

आमची पहिली भेट झाली ती मी त्याच्या गॅरेजबाहेरच्या टायरांच्या ढिगात गाडी घातली म्हणून. ब्रेक मी नीटच दाबला होता. गाडीच डावीकडे गेली.

"रस्ता आवडला नाही का?" तो हात पुसत बाहेर आला.

"गाडीला तुमचे टायर आवडले," मी म्हणाले.

गाडी बाबांची, वीस वर्षं जुनी. बाबा गेल्यापासून मीच चालवत होते. त्याने ती जॅकवर चढवली, पुढची चाकं काढली आणि मला ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून आत बसवलं. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी.

"दाबा… धरून ठेवा… आता सोडा."

खिडकीतून मला फक्त त्याचे विस्कटलेले केस दिसत होते. आणि मधूनच वर येणारे डोळे.

दोन दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा डावीकडे ओढू लागली. पुढच्या शनिवारी पॅड बदलले, त्याच्या पुढच्या शनिवारी ब्रेक ऑइल. मी आपली दर शनिवारी हजर.

"जुनी गाडी आहे… लाडात आलीय," तो म्हणायचा.

"गाडी, की मिस्त्री?"

तो कानापर्यंत लाल व्हायचा. मी घरी येऊन आरशासमोर उगाच हसत बसायचे. खरं सांगते, पार वेडी झाले होते मी.

पाचव्या शनिवारी आईला सगळं सांगून टाकलं.

"चल, बघू तरी तुझा मिस्त्री," म्हणत ती ठेवणीतले कपडे घालून शेजारी बसली.

चौकात एक सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे वळून खांबावर आदळली. आईचं मनगट मोडलं.

गाडी जवळच्या दुसऱ्या गॅरेजात ओढून नेली. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने उजव्या चाकाचा रबरी पाइप कापून दाखवला. बाहेरून धडधाकट, आतून सुजून जवळजवळ बंद.

"उजव्या चाकाला दाबच पोचत नव्हता, म्हणून डावीकडे ओढायची," तो म्हणाला. "हवा काढताना इथून ऑइल नुसतं थेंब थेंब येतं. ज्याने काढली, त्याला कळलंच असणार."

मी तशीच पहिल्या गॅरेजात, त्याच्याकडे गेले. आईचं सांगितलं आणि विचारलं, "पाइप खराब आहे हे कधी कळलं होतं?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "पहिल्याच दिवशी."

"मग?"

"पाइप बदलला असता तर… तुम्ही परत आला नसतात. हळू चालवता तुम्ही. म्हटलं, अजून एकच शनिवार… तुम्ही मला आवडता. फार."

हेच ऐकायला महिनाभर माझे कान आसुसले होते. आता ऐकताना मला आईचं वाकडं झालेलं मनगट दिसत होतं.

"नुसतं 'या' म्हणाला असतात ना," मी म्हणाले, "तर चालत आले असते."

त्याने हात पुढे केला. मी तो धरला नाही. धरावासा वाटला, त्याचाच जास्त राग आला.

घरी आई प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून वाट बघत होती. "भेटला का गं? काय म्हणाला?"

"त्याचं लग्न ठरलंय," मी म्हणाले. खरं सांगितलं असतं तर आईने त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या, आणि त्या ऐकणं मला सोसलं नसतं.