सायलेन्सरमधला हवालदार

मोनालीचा हवालदार हरवला होता आणि घरात त्याची कोणालाच फिकीर नव्हती. सगळे अंगणात फटफटीभोवती उभे होते. मिस्तरी भिकनभाऊ किकवर किक मारत होते आणि फटफटी ढिम्म होती.

फटफटी कमलआत्याची. आत्या नर्स होती. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावातून दर बुधवारी ती लशींचा डबा घेऊन वरच्या पाड्यावर जायची. तिथे एसटी जात नाही आणि रिक्षावाले तो रस्ता पाहूनच मान हलवतात. आज मंगळवार होता. फटफटी गेली तर पाड्यावरची फेरी सुटणार आणि आपल्याला दवाखान्यात खुर्चीवर बसून रकाने भरावे लागणार, हे आत्याने सकाळीच सांगितलं होतं. सांगताना ती हसली, पण ज्योत्स्नाला ते हसू अजिबात आवडलं नाही.

ज्योत्स्ना तेरा वर्षांची, नवल अकरा, मोनाली नऊ. ही तिघं भावंडं दिवाळीच्या सुट्टीत जळगावच्या मेहरूणहून आली ती नेमकी इंजिन उतरवायच्या दिवशी. काळं तेल पातेल्यात काढणं, चेन सोडवणं, वायरींना रंगीत दोरे बांधून ठेवणं, यात त्यांनी इतकी मदत केली, की शेवटी भिकनभाऊंनी त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं. इंजिन आतून घासून बोअर करायला धुळ्याला गेलं, चार दिवसांनी आलं आणि काल संध्याकाळी जागेवर बसलं. एकही बोल्ट उरला नाही. तरी ते सुरू होत नव्हतं.

“बठ्ठं बराबर शे अक्का, पन उठत नई,” घाम पुसत भिकनभाऊ म्हणाले. धुळ्याच्या कारागिरानेच काम बिघडवलं, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि ते चहाला निघून गेले. आत्याने जुन्या गाड्या घेणाऱ्या छगनशेठना फोन लावला. ते चार वाजता टेम्पो घेऊन येणार होते.

मोनाली मात्र अजून हवालदारच शोधत होती. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांवर कोळशाने तोंडं काढून तिने तीन माणसं केली होती. राजा, राणी आणि मिशीवाला हवालदार. त्यातले राजा-राणी खोक्यात सापडले.

“हवालदार बंबात गेला असेल जळून,” नवल म्हणाला.

ज्योत्स्नाने राजाला उचलून नाकाशी धरलं. “याला पेट्रोलचा वास का येतोय?”

मोनालीने सांगितलं, की इंजिन धुळ्याला गेलं तेव्हा नळ्यांत उंदीर शिरू नयेत म्हणून भिकनभाऊंनी तिची माणसं मागून घेतली होती. परत देतो म्हणाले होते, आणि काल तिन्ही काढून खोक्यात टाकली, असंही.

“कुठं घातली त्यांनी?”

“राजा कार्बोरेटरमध्ये, राणी हवेच्या नळीत. आणि हवालदार सायलेन्सरमध्ये.”

“म्हणजे तो अजून आतच आहे!” ज्योत्स्ना म्हणाली. मग नवल म्हणाला, नुसतं सांगितलं तर मोठी माणसं हसतील, आधी खात्री करू. त्याने दिवाळीच्या फटाक्यांतल्या टिकल्यांच्या कागदाची पट्टी सायलेन्सरच्या मागच्या तोंडाशी धरली. ज्योत्स्ना दोन्ही पायांनी किकवर उभी राहिली आणि सगळं वजन टाकून तिने ती दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. कागद जरासुद्धा हलला नाही. इंजिन श्वास घेत होतं, पण तो सोडायला त्याला वाटच नव्हती.

तेवढ्यात दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. आत्या फटफटीची कागदपत्रं घेऊन बाहेर आली. तिचे डोळे लाल दिसत होते. ज्योत्स्ना सरळ तिच्या वाटेत उभी राहिली.

“आत्या, कागद देऊ नकोस. आधी सायलेन्सर सोडव. पाच मिनिटं लागतील.”

छगनशेठ हसले. पोरांचा खेळ आहे, म्हणाले. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाकडे, आणि कागद ओट्यावर ठेवून पाना उचलला. पुढचे दोन नट सुटले, सायलेन्सर बाजूला आला. नवलने त्याच्या काळ्या नळीत तारेचा आकडा घातला आणि हळूहळू ओढला. काजळीने माखलेला हवालदार बाहेर आला. त्याची मिशी पार दिसेनाशी झाली होती.

आत्याने सायलेन्सर परत बसवला. मग ओला झालेला प्लग काढून पुसला आणि लावला. पहिल्या किकला धूर निघाला, दुसऱ्या किकला खोकला, आणि तिसऱ्या किकला फटफटी अशी सुरू झाली, की ओट्यावरच्या कोंबड्या उडाल्या. चहा पिऊन परत आलेले भिकनभाऊ दारातच थांबले.

“मीच कोंबं आन् मीच इसरी गऊ,” ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांदेखत धुळ्याच्या कारागिराची माफी मागितली. फोन ठेवून त्यांनी आपला दहा नंबरचा पाना ज्योत्स्नाच्या हातात दिला. हा पाना ते कोणाला हात लावू देत नसत. छगनशेठ रिकामा टेम्पो घेऊन गेले, पण जाताना नवलच्या पाठीवर थाप मारून गेले.

आत्याने तिघांना जवळ घेतलं. मग ती मोनालीसमोर वाकली. “तुझा हवालदार मला देशील? पाड्यावरची पोरं सुई बघून रडतात. त्यांना दाखवीन.”

मोनालीने थोडा विचार केला. काळ्याठिक्कर कणसावर कोळसा दिसला नसता. म्हणून तिने चुन्यात काडी बुडवून मिशी काढली, अगदी पांढरीशुभ्र.

“घे,” ती म्हणाली. “पण पोरांना सांग, हा आधी तरुण होता. सायलेन्सरमध्ये अडकून म्हातारा झाला.”