फाट्यावरून बसलेला

खोटं वाटत असेल त्यानं कारंजा घाडगेला यावं आणि धनंजयच्या नव्या गाडीत मागं बसून दाखवावं. मी तर बसत नाही बुवा.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. ऊन अजून उतरायचं होतं.

धनंजयनं नुकतीच पांढरी सेडान घेतली होती. थंडगार एसी, पडद्यावर नकाशा. मागं बसून कोणी पट्टा लावला नाही, तर टिंग टिंग वाजायची. पण अंगणात गर्दी सगळी धाकट्या अंकुशच्या जुन्या काळ्या ॲम्बेसेडरभोवती! ती त्यांच्या वडिलांची, किसनरावांची. जाताना ते अंकुशला देऊन गेले.

धनंजय जळायचा तो गाडीसाठी नाही. बाबांसाठी.

दर दसऱ्याला पूजा झाली की अंकुश अंगणात मागचं दार उघडायचा, सीटवर विडा ठेवायचा आणि नाव घेऊन बोलवायचा, "किसनराव बाबा, या, बसा."

आणि सीट... हळूच खचायची.

घरातल्या सगळ्यांनी पाहिलंय.

"त्या डबड्यात बसतेत बाबा! माह्या गाडीकडे ढुंकून पाह्यनार नाई!" धनंजय कुरकुरला.

"गेलेल्या माणसासाठी काऊन जीव जाळून राह्यले?" बायको, प्रेरणा, म्हणाली.

ऐकेल तो धनंजय कसला!

त्यानं अंकुशच्या आधी बाबांना गाठायचं ठरवलं. अंगणात बोलावलं आणि सीट खचलीच नाही तर? चारचौघांत हसं व्हायचं. म्हणून विडा घेऊन तो थेट हायवेच्या फाट्यावर गेला. मागचं दार उघडलं. विडा ठेवला.

"या, बसा."

घाईत नाव घ्यायचं राहूनच गेलं.

हायवेवर एकही ट्रक नव्हता. भरदिवसा!

त्यानं दार लावलं आणि गाडी घराकडे वळवली.

टिंग... टिंग... टिंग...

मागं कोणी नाही. पट्ट्याचा लाल दिवा मात्र लागलेला.

धनंजयचा ऊर भरून आला. "आले न बाबा, माह्याच गाडीत आले!" कधी एकदा अंकुशचं तोंड पाहतो, असं त्याला झालं होतं.

टिंग टिंग थांबलं.

मागं... खट्.

पट्टा लागला.

बाबांनी जन्मात कधी पट्टा लावला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. अंकुश.

"दादा, कुठी गेलता? लवकर येजो. बाबा आले! सीट खचली आत्ताच."

धनंजयनं फोन तसाच कापला. आरशात पाहायची हिंमत झाली नाही. गाडी घरी कशी आणली, देव जाणे.

प्रेरणानं मागचं दार उघडलं. विडा नव्हता. पट्टा लागलेला होता... पोटाशी घट्ट आवळल्यासारखा, हवेत.

गाडी अजून दारातच आहे. विकायची म्हटलं की गिऱ्हाईक येतं, मागचं दार उघडतं आणि निघून जातं.

परवा मी धनंजयला विचारलं, "अजून भेव वाटते का रे?"

"भेव गेलं चुलीत," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "मागं तो बसला हाये, त्याच्या बाजूले बाबा कायले येऊन बसतीन?"

मी गाडीकडे पाठ न करता, तसाच मागं मागं सरकत फाटकाबाहेर आलो.