परग्रहवाशाचा कान

गोल्फचा शिक्षक तीन डोळ्यांच्या जांभळ्या परग्रहवाशाला काखोटीला मारून दुकानात शिरला, तेव्हा ती एका रक्तपिपासू राजाच्या तोंडात दात बसवत होती.

दचकू नका, तिचा धंदाच तो. गोल्फच्या काठीच्या डोक्याला ओरखडे पडू नयेत म्हणून टोपी घालतात. ती सिनेमातल्या भुतांच्या, यंत्रमानवांच्या, मालिकेतल्या खाष्ट सासवांच्या टोप्या शिवायची. सासू तर इतकी हुबेहूब उतरली होती म्हणे, की तिला पाहून चेंडू आपणहून खड्ड्यात जाऊन बसायचा.

"कान तुटलाय याचा," शिक्षक म्हणाला. "बदकानं ओढला."

कानाचे धागे खरंच लोंबत होते. तिनं तो शिवला. तोवर शिक्षक स्टुलावर बसून तिला सुया ओवून देत राहिला... आणि त्या दिवसापासून मावशीची छोटी कात्री सापडेना. दुकान मावशीचं, त्यामुळे बोलणी भाचीला.

पुढच्या आठवड्यात दुसरा कान. "खारीनं कुरतडला."

कड सुतासारखी सरळ होती.

"खार फारच टापटीप दिसते," ती म्हणाली.

"मैदानच तसलं आहे," तो शांतपणे म्हणाला.

मग पुन्हा पहिला कान. "वाऱ्यानं," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. आतून मावशी खाकरली, "अगं, त्या प्राण्याला कापडापेक्षा टाके जास्त झालेत!"

चौथ्या वेळी मात्र तो स्टुलावर टेकलाच नाही.

"दूरच्या एका मैदानावर कायमची नोकरी मिळतेय. शनिवारी इथला शेवटचा सामना. त्याच संध्याकाळी होकार कळवायचाय."

"बरं," ती म्हणाली. तिनं तुटका कान हातात घेतला. "चांगलं आहे की."

"हो... चांगलंच आहे."

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिनं गिऱ्हाइकाच्या वस्तूला नुसता धावदोरा घातला. फुंकर मारली तरी उसवेल असा. निदान एकदा तरी परत येईल...

शनिवारी दुपारी दार धाडकन उघडलं. तो धापा टाकत होता. मुठीत ओला कान.

"सगळ्यांसमोर गळून पडला! थेट पंचांच्या चहात! आणि शपथेवर सांगतो, या वेळी मी कापला नव्हता—"

तो थांबला. आता त्याचेच कान लाल झाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "या वेळी मीच नीट शिवला नव्हता."

आतलं शिलाई मशीन गप्प झालं.

"का?"

"दर वेळी तुमच्या खारीवर कशाला भार टाकायचा?"

तो हळूच स्टुलावर बसला. "मग... तिकडे काय कळवू?"

तिनं सुई त्याच्यापुढे धरली. "पक्का टाका घालायचाय, वेळ लागेल. तू आधी त्यांना नाही म्हणून कळव. मग दोरा ओव."

त्यानं फोन काढायला खिशात हात घातला. आतून मावशीचा आवाज आला—

"त्याच खिशात माझी कात्री असेल, जावईबापू. तीही काढा!"