तांड्याचं उत्तर

सेनगावच्या पाणीयोजनेच्या खोलीत संगणक रोज सकाळी एकेका वस्तीचं नाव घ्यायचा आणि विचारायचा, पाणी सोडू का? ‘हो’ लिहिलं की दूर कुठंतरी झडप उघडायची, नळ खाकरायचा, एखादं लेकरू कळशी घेऊन पळायचं.

पण रोज उत्तरं लिहीत कोण बसणार? व्यंकटराव साहेबांनी सगळे ‘हो’ एकदाच एका फाइलीत लिहून टाकले. कळफलकाऐवजी संगणक त्या फाइलीतूनच उत्तरं वाचू लागला. बटण दाबून तो चालू करायचा, एवढंच खोलीत बसणाऱ्या पुनमचं काम उरलं.

पुढं योजनेत तांडा आला. संगणकात प्रश्न वाढला, फाइलीत उत्तर वाढवायचं राहिलं. उत्तरं संपली की तो मुकाट ‘नाही’ धरायचा. तांड्याचे नळ उन्हाळाभर कोरडे, तरी पुनम रोज बटण दाबत राहिली. विहिरीच्या निसरड्या पायरीवरून तांड्यावरची भिकाबाई घागरीसकट पाण्यात गेली.

तेव्हा कुठं पुनमनं संगणकात शोधलं. राहिलेलं उत्तर सापडलं तसा तिचा जीव तव्यावरच्या थेंबासारखा तडतडला.

“बाई मेली, साहेब.”

“मशीननं न्हाई म्हणलं, मी कुठं?” व्यंकटराव बशीतला चहा फुंकत म्हणाले. “तुला काहून एवढी तकलीफ?”

दात आवळून पुनमनं संगणकाला नवा हुकूम लिहिला: उत्तरं संपली तर थांब, चूक दाखव, मनानं काही धरू नको. मग तपासायला तीच अपुरी फाइल परत जोडली.

‘हो’ वाचत वाचत संगणक तांड्याशी आला. फाइल संपली. आता तो थांबायला हवा होता.

पडद्यावर उमटलं: हो.

पुनमनं कळफलकाची वायर उपसली. तेवढ्यात तांड्यावरून भावसिंगचा फोन.

“पानी आलं, ताई. पर विहिरीचा वास येऊन राहिला.”

तांड्याशी प्रश्न संपत होते. तरी पुढची ओळ आली.

व्यंकटरावांचं घर. पाणी सोडू का?

नाही.

“काय करून राहिलीस तू?” व्यंकटरावांची बशी कलंडली.

पुनमचे हात मांडीवर होते. बरं झालं, असं तिच्या मनात आलंही.

पुनमचं घर. पाणी सोडू का?

या वेळी उत्तराला वेळ लागला.

‘हो’ उमटलं. पुसलं गेलं.

परत उमटलं. परत पुसलं गेलं.