रंगूबाईच्या नावाने उघडलेलं दार

कपाट सताड उघडं होतं आणि बुधीचा कागद गायब होता.

गुरुवारी सकाळी दहाला ही बातमी दौलत भोईरांच्या वर्गात पोचली. दौलतसर निवृत्त फौजदार. कोन गावाजवळच्या या कॉलेजात ते गुन्हे तपासाचा कोर्स शिकवायचे. खाली गोदाम, वर कॉलेज. एकाच मजल्यावर लॉ, मधे गुन्हे तपास, टोकाला कॉम्प्युटर नेटवर्किंग. सर नेमके पंचनामा कसा करायचा ते सांगत होते, त्यामुळे सरांनीच नाटक रचलंय असं मुलांना वाटलं. दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

पण हे नाटक नव्हतं. डोंगरातल्या पाड्यावरची बुधी दापोडे गावातल्या जमिनीवर हक्क सांगत होती. सासऱ्याच्या नावाचा जुना मूळ कागद, एवढाच तिचा पुरावा. लॉची मुलं मोफत सल्ला केंद्र चालवत, तिथल्या कपाटात तो ठेवला होता. सुनावणी आज तीन वाजता. कागद नसेल तर जमीन गेली.

बुधी जिन्यात बसली होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायला जीभ रेटेल कोणाची?

"चोर सापडलाय, दौलतसर," प्राचार्य म्हणाले. "रंगूबाई."

केंद्राच्या दाराला आठवड्यापूर्वी बोटाचं मशीन बसवलं होतं. कोण किती वाजता आत गेलं, ते थेट नेटवर्किंगच्या दिनेशसरांच्या लॅपटॉपवर उमटायचं. काल संध्याकाळी केंद्र बंद झाल्यापासून आज मुलांनी ते उघडेपर्यंत एकच नोंद होती: सकाळी सात बावन्न, रंगूबाई. बुधीच्या जमिनीमागे मोठी माणसं असणार आणि झाडूवालीला त्यांनी फितवलं, एवढं प्राचार्यांनी ठरवून टाकलं होतं. पोलिसांना फोन करायचा तेवढा बाकी होता.

रंगूबाई भिंतीला टेकून उभी होती. वीस वर्षं वीटभट्टीवर, मग इथे.

"सात बावन्नला कुठे होतात, रंगूबाई?"

"खाली नलावर, सायेब. पानी भरत व्हते."

"कोणी पाहिलं?"

"झारूवालीला कोन बघतंय?"

"केंद्राचं दार तुम्ही कधी उघडता?"

"म्या न्हाय उघरत. पोरा आत असली का झारून घेते."

"बोट दिलं होतंत ना मशीनला?"

"चार येला दिला. सर वरडलं. मंग ती पोरगी बोलली, झाला तुजा, जा." रंगूबाईने डोळे पुसले. "रेशनवाला पन मना डोल्याच्या मशीनसमोर बसवतंय. भाकरी जाल माजी, सायेब."

दौलतसरांनी दिनेशसरांना गाठलं.

"सगळ्यांची बोटं तुम्हीच घेतली?"

"हो. यादी केंद्रातल्या हेमालीने केली, बोटं मी घेतली."

"सगळी?"

दिनेशसर घुटमळले. "शेवटी चहाला गेलो होतो. दहा मिनिटं."

"दाखवा यादी."

सगळ्यांच्या नावापुढे 'उजवा अंगठा'. रंगूबाईच्या नावापुढे 'डावी करंगळी'.

"अंगठा घेत नसेल तर दुसरं बोट चालतं," दिनेशसर म्हणाले.

हेमाली लॉच्या तिसऱ्या वर्षाची, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. बुधीचा अर्ज तिनेच लिहिला होता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"कागदाची नक्कल?"

"सोमवारी स्कॅन केला होता, सर. लॅबमधली फाइलही कोणीतरी उडवलीय."

"बॅकअप रविवारी होतो," दिनेशसर पुटपुटले. "म्हणजे तोही नाही."

"जमिनीवर आता काय आहे, हेमाली?"

"गोदाम, सर. निळ्या पत्र्याचं."

दौलतसरांनी सगळ्यांना दारापाशी बोलावलं.

"रंगूबाई, बोट लावा. एकेक करून दहाही."

अंगठा लावला, मशीन किंचाळलं. तर्जनी, तेच. डाव्या करंगळीलाही तेच. दहाच्या दहा बोटं मशीनने नाकारली.

"विटा उचलून उचलून या बाईच्या बोटांवरच्या रेघा झिजल्यात," दौलतसर म्हणाले. "रेशनचं बोटाचं मशीनही तिला ओळखत नाही, म्हणून तिथे डोळे तपासतात. मग हे कसं ओळखेल? तिच्या नावावर दुसऱ्याच कोणाची तरी करंगळी आहे. दिनेशसर, तुमची."

दिनेशसरांनी घाबरत करंगळी टेकवली. मशीन किंचाळलं.

"आता तू, हेमाली."

ती हलली नाही. दौलतसरांनी तिचा हात धरला नाही, फक्त वाट पाहिली. शेवटी तिनेच करंगळी टेकवली.

खट् करून कडी सरकली. पडद्यावर नाव आलं: रंगूबाई.

"दिनेशसर चहाला गेले तेव्हा लॅपटॉपपाशी ही होती," दौलतसर म्हणाले. "रंगूबाईचं बोट लागेना, तेव्हा हिने स्वतःचं लावलं."

"तिची नोकरी जाईल म्हणून लावलं, सर," हेमाली हुंदके देत म्हणाली. "तेव्हा मनात खरंच काही नव्हतं."

"पटतं मला. पण नंतर ते कामाला आलं. अर्जात नुसता सर्व्हे नंबर आहे. जागेची पाहणी अजून झालेली नाही. निळे पत्रे तुला कसे माहीत?"

"पप्पांचं गोदाम आहे ते. सोमवारी स्कॅन करताना कागदावरच्या चारही हद्दी वाचल्या, तेव्हा जागा ओळखली आणि मीच त्यांना विचारलं, हे खरं का म्हणून. मला वाटलं, ते नाही म्हणतील."

"कागद कुठे आहे?"

"जाळला. पप्पांसमोर. फाइलही मीच उडवली."

चोर सापडला, पण कागद तर गेलाच होता. दौलतसरांना स्वतःच्या हुशारीची चीड आली.

तरी एक वाट होती. मूळ कागद नष्ट झाला, तर तो डोळ्यांनी वाचलेल्याची साक्ष चालते, हे त्यांनीच शिकवलं होतं, आणि तो वाचलेली हेमाली एकटीच होती. "तीन वाजता एवढंच सांग. काय वाचलंस आणि कोणी जाळलं."

"सांगते, सर."

दीड वाजता हेमालीचे वडील किशनशेठ वकिलाला घेऊन आले. त्यांनी लेकीसाठी गाडीचं दार उघडून धरलं. हेमालीने एकदा दौलतसरांकडे पाहिलं आणि ती आत बसली. कॉलेजचं नाव खराब नको, म्हणून प्राचार्यांनी पोलिसांना फोन केला नाही. झाल्या प्रकाराबद्दल लेखी काही देणार नाही म्हणाले. रंगूबाईला कामावर ठेवलं, हे उपकार म्हणून सांगितलं.

तीन वाजता हेमाली आली नाही. दौलतसर स्वतः साक्षीला उभे राहिले. "तुम्ही तो कागद वाचला होता?" या प्रश्नाला त्यांना नाही म्हणावं लागलं. सुनावणी सात मिनिटांत संपली. अर्ज फेटाळला.

आत सगळं ऐकून आलेल्या बुधीने बाहेर पायरीवर पदराने तोंड पुसलं.

"ती पोरगी वकील व्हयल का रं?"

"होईल."

"चांगली व्हयल," बुधी म्हणाली. "माजा अर्ज तिनं लय चांगला लिवला व्हता."